दिवा जळतो, रोप उपाशी

अमेरिकेतील शिकागो शहरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, आणि त्या नऊ तासांतलेही पुष्कळसे तास करड्या ढगांआड निघून जातात. अशा दिवसांत तेथील एखाद्या मराठी कुटुंबाच्या घरी कोणी गेले, तर खिडकीशी दोन कुंड्या पुष्कळदा दृष्टीस पडतात. एकीत तुळस असते, दुसरीत कढीपत्ता. उन्हाळाभर अंगणात वाढलेली ही झाडे थंडीची पहिली चाहूल लागताच घरात घेतली जातात आणि त्यांच्या डोक्यावर विजेचा एक दिवा टांगला जातो. बाजारात या दिव्याला ‘ग्रो लाइट’ म्हणतात. पुढले पाच-सहा महिने तोच त्या झाडांचा सूर्य असतो. कढीपत्ता तर उष्ण प्रदेशातला, उन्हावर पोसलेला. तो एकदा गेला, तर दुसरा मिळवणे सोपे नसते. हे झाड लिंबाच्या कुळातले आहे, आणि लिंबू-संत्र्यांच्या बागा बुडवणाऱ्या रोगाचा प्रसार करणारी सिला नावाची बारीक कीड त्याच्या पानांवर पोसली जाते; म्हणून त्याची ताजी पाने किंवा रोपे परदेशातून अमेरिकेत नेण्यावर कडक निर्बंध आहेत. फोडणीतल्या चार पानांसाठी ते झाड तेथे जिवापाड जपावे लागते, ते यामुळे.

अशा एका घरातली गोष्ट कल्पनेने पाहावी. दिव्याखाली झाडाने पहिला हिवाळा सुखाने काढला, दुसराही काढला. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र पाने पिवळी पडून गळू लागली आणि नवी पालवी आली ती बारीक, फिकट, लांबुडक्या दांड्यांची. घरच्या आजींनी पाणी कमी करून पाहिले, मुलाने खत घालून पाहिले, सुनेने कुंडी बदलली. कोणी म्हणाले कीड असेल, कोणी म्हणाले हीटरच्या कोरड्या हवेचा त्रास असेल. एका गोष्टीकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही, आणि ती म्हणजे डोक्यावरचा दिवा. जाणार तरी कसे? तो लागत होता. रोज सकाळी बटण दाबताच लख्ख उजेड पडत होता. जो दिवा लागतो तो चांगला आणि जो लागत नाही तो बिघडलेला, ही दिव्यांविषयीची सर्वमान्य समजूत आहे. घरातल्या माणसांपुरती ती खरीही आहे. रोपांच्या बाबतीत मात्र ती खोटी ठरते, आणि तिच्यापायी दर वर्षी कितीतरी झाडे उपाशी मरतात.

ही समजूत कशी घडत गेली, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. विजेच्या दिव्याखाली वनस्पती वाढवण्याची कल्पना आजची नव्हे. विल्यम सीमेन्स या अभियंत्याने १८८० साली इंग्लंडात टनब्रिज वेल्सजवळील आपल्या घरी कमानदिव्याच्या, म्हणजे आर्क दिव्याच्या, उजेडात भाज्या व फळझाडे वाढवून पाहिली आणि आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९१ साली, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनी तसेच प्रयोग काचगृहात केले. उघड्या कमानदिव्याने पाने करपतात, पण त्याच दिव्याभोवती काचेचा गोळा बसवला की अपाय कमी होतो, हे या प्रयोगांतून दिसून आले. त्या काळी दिवा केव्हा बदलावा हा प्रश्न कोणाला पडतच नसे. कमानदिव्यातल्या कोळशाच्या कांड्या काही तासांतच जळून जात. त्या बदलल्याशिवाय दिवा लागतच नसे. पुढे तारेचा बल्ब आला. तो सुमारे हजार तास जळे आणि एके दिवशी तार तुटून विझे. त्याचे मरणही उघड होते.

१९३८ साली नळीदिवा, म्हणजे लोकभाषेतली ट्यूबलाइट, बाजारात आली आणि दिव्याचे म्हातारपण प्रथमच झाकले गेले. ही नळी हजारो तास जळते. परंतु त्या हजारो तासांत ती सारखाच उजेड देत नाही. त्यानंतर एलईडीचे युग आले. निळा प्रकाश देणाऱ्या कार्यक्षम एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या निळ्या दिव्यामुळेच पांढऱ्या प्रकाशाचे आजचे एलईडी शक्य झाले. एलईडी तर नळीपेक्षाही दीर्घायुषी. तो बहुधा एकाएकी विझत नाही. वर्षानुवर्षे कणाकणाने मंद होत जातो. दिवे जसजसे सुधारत गेले, तसतसा त्यांचा अंत अधिकाधिक अदृश्य होत गेला, असेच या इतिहासावरून म्हणावे लागते.

आता प्रत्येक दिवा म्हातारा कसा होतो ते पाहू जाता असे दिसते. नळीदिव्याच्या दोन्ही टोकांना तारेची वेटोळी असतात आणि त्यांच्यावर बेरियम, स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. विजेचा प्रवाह नळीतल्या वायूत सोडण्याचे काम हा लेप करतो. दिवा लावण्याच्या प्रत्येक खेपेला त्यातला थोडासा अंश उडून जातो आणि काचेच्या टोकांशी काळी कडी धरते. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण आतल्या पांढऱ्या भुकटीवर पडून दृश्य प्रकाश निर्माण होतो. ती भुकटीही हळूहळू झिजते, आणि पाऱ्याचा काही भाग काचेत व भुकटीत अडकून निकामी होतो. पहिल्या शंभर तासांत ही घट जरा जलद होते, म्हणून नळीच्या उजेडाचे छापील आकडे शंभर तास जळल्यानंतरचे देण्याची प्रथा आहे. त्यापुढची घट संथ, पण अखंड चालते. शिवाय नळीला सभोवतालची हवा सुमारे २५ अंश सेल्सिअस असली म्हणजे मानवते. गारठलेल्या खिडकीशी टांगलेली नळी नवी असूनही कमी उजेड देते, ही गोष्ट थंड देशांतल्या लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मोठ्या काचगृहांत दीर्घकाळ वापरात असलेला उच्च दाबाचा सोडियम दिवा आपले म्हातारपण निदान शेवटी तरी बोलून दाखवतो. आतला सोडियम कमी होत गेला की दिव्याला लागणारा विजेचा दाब वाढत जातो. तो भागेनासा झाला म्हणजे दिवा विझतो, निवतो, पुन्हा पेटतो आणि पुन्हा विझतो. तथापि ही उघडझाप सुरू होण्यापूर्वीच त्याचा प्रकाश बराच उतरलेला असतो.

एलईडीची तऱ्हा याहून निराळी. त्यात तुटायला तार नाही, उडायला लेप नाही. त्याचा वैरी एकच, आणि तो म्हणजे उष्णता. उष्णतेने प्रकाश देणारा स्फटिक थकतो, त्यावरचे पिवळे दीप्त द्रव्य मंदावते आणि वरचे पारदर्शक आवरण पिवळट पडते. पुष्कळदा तर दिव्याआधी त्याला वीज पुरवणारे मंडळ, ज्याला कारागीर ‘ड्रायव्हर’ म्हणतात, तेच निकामी होते. कारण त्यातले कपॅसिटर उष्णतेने वाळतात. मग दिवा लुकलुकतो, उशिरा लागतो किंवा त्यातली एखादी ओळच अंधारी होते. ही लक्षणे डोळ्यांना दिसतात, म्हणून ती त्या मानाने बरी. न दिसणारी घट अधिक धोक्याची.

एलईडीच्या खोक्यावर ५०,००० तास असा आकडा छापलेला असतो. तो वाचून माणूस निर्धास्त होतो. रोज चौदा तास दिवा लावला, तर हा हिशेब जवळजवळ दहा वर्षांचा भरतो. परंतु या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. इतक्या तासांनंतर दिवा विझेल, असे तो सांगत नाही. इतक्या तासांनंतर दिव्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईल, असे तो बहुधा सांगत असतो. ही घट सारख्या प्रमाणात होते असे धरले, तर तोच दिवा सुमारे १५,००० तासांत, म्हणजे तीन वर्षांच्या आतच, ९० टक्क्यांवर उतरतो आणि सहा वर्षांच्या सुमारास ८० टक्क्यांवर. शिवाय हा आकडा कोणी ५०,००० तास दिवा जाळून पाहून काढलेला असतो असेही नाही. अमेरिकेतील प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली घालून दिलेल्या पद्धतीनुसार एलईडी किमान ६,००० तास जाळून पाहतात आणि त्यावरून पुढचे भाकीत करतात. हे भाकीत प्रत्यक्ष चाचणीच्या काळाच्या सहा पटींपलीकडे नेऊ नये, असे त्याच संस्थेचे २०११ सालचे बंधन आहे. माणसांच्या खोलीसाठी ७० टक्क्यांचे माप पुरेसे मानतात. रोपांच्या दिव्यांसाठी मात्र जाणकार ९० टक्क्यांचे माप लावतात. या दोन मापांतला फरक का, याचे उत्तर डोळा आणि पान यांच्या स्वभावभेदात आहे.

मनुष्याच्या डोळ्याइतका उदार ग्राहक शोधून सापडणार नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका उजेड असतो आणि रात्री दिवा लावलेल्या खोलीत तो शंभर ते तीनशे लक्सच असतो. तरी दोन्ही ठिकाणी माणूस वर्तमानपत्र सुखाने वाचतो. उजेड कमी झाला की बाहुली विस्तारते, पडद्याची संवेदना वाढते आणि उणीव भरून निघते. ही घट तीन वर्षांत पसरलेली असेल, तर ती उमगण्याची शक्यताच उरत नाही. रोज पाहिलेल्या चेहऱ्यावरचे वार्धक्य घरच्या माणसाला दिसत नाही, तसाच हा प्रकार. दुसरे असे की, डोळ्याला सर्वांत अधिक दिसतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पोपटी-हिरवा प्रकाश. त्याच्या तुलनेने ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाविषयी डोळ्याची संवेदना अवघी ४ टक्के आणि ६६० नॅनोमीटरच्या तांबड्याविषयी ६ टक्के असते. पानांतले हरितद्रव्य नेमके हेच निळे आणि तांबडे किरण सर्वांत अधिक शोषते. डोळा ज्या प्रकाशाची साक्ष देतो आणि पान ज्या प्रकाशावर जगते, त्यांत असे अंतर आहे. म्हणून रोपाच्या दिव्याविषयी डोळ्याचा निर्वाळा ग्राह्य धरता येत नाही.

पान उजेड पाहत नाही. ते उजेड खाते. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किरण घेऊन ते हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर बनवते. परंतु वनस्पतीला खर्चही असतो. अहोरात्र चालणाऱ्या श्वसनात ती आपलीच साखर जाळत असते. ज्या उजेडात जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होते, त्या पातळीला शास्त्रज्ञ समतोलबिंदू म्हणतात. त्याच्या वर जे मिळेल ती शिल्लक; त्यातूनच नवे पान, नवे मूळ आणि फूल येते. या शिलकेचा हिशेब मांडला म्हणजे दिव्याच्या थोड्याशा घटीचे भयंकर स्वरूप ध्यानात येते.

समजा, एखाद्या झाडाचा समतोलबिंदू २० आहे आणि त्याच्या पानांवर ६० इतका प्रकाश पडतो. हे आकडे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांचे, म्हणजे मायक्रोमोलचे, समजावेत. शिल्लक ४० झाली. आता दिवा म्हातारा होऊन प्रकाश ३० टक्क्यांनी घटला, म्हणजे ६० चा ४२ झाला. शिल्लक राहिली २२. प्रकाश तिसऱ्या हिश्श्याहून कमी उतरला. शिल्लक मात्र जवळजवळ निम्म्यावर आली. झाड मुळातच अपुऱ्या उजेडात, ३० वर, जगत असेल, तर स्थिती आणखी बिकट. ३० चा २१ झाला की दहाची शिल्लक एकावर येते. पगारात तीस टक्के कपात झाली तरी घरभाडे कमी होत नाही. गरिबाच्या घरी अशा कपातीने चूल बंद पडते, तसेच हे आहे. रात्रीच्या श्वसनाचा खर्च यात अजून धरलेलाच नाही. तो धरला, तर हे झाड दिव्याखाली बसून रोज थोडे थोडे कर्ज काढत असते, आणि फेडण्यासाठी आपलीच जुनी पाने मोडीत काढत असते.

झाडाला वाचा नसली तरी ते आपली तक्रार अनेक परींनी मांडते. पहिली खूण म्हणजे लांबुडकेपणा. दोन पानांमधले अंतर वाढते, खोड बारीक व लवचीक होते, पाने लहान आणि फिकट येतात. दुसरी खूण, रंगीबेरंगी पानांचे रंग पुसट होऊन ती हिरवी पडू लागतात. तिसरी, फुलणारे झाड फुलेनासे होते. दिव्याखाली बारमाही फुलणारी आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी नुसतीच पानांनी भरलेली राहते. चौथी खूण सर्वांत फसवी आहे. उजेड कमी झाला की झाड पाणी कमी पिते, कुंडीतली माती पूर्वीपेक्षा जास्त दिवस ओली राहते आणि मुळे कुजू लागतात. मालकाला वाटते, पाणी जास्त झाले. ते खरेही असते. परंतु पाणी तेवढेच घातले जात असताना ते जास्त का झाले, हे तो विचारीत नाही.

याखेरीज एक पाचवी खूण आहे आणि ती ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. ज्या १८८० साली सीमेन्स यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्याच साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात रोपे प्रकाशाकडे कशी वळतात याचे विवेचन केले. खिडकीजवळ दिव्याखाली ठेवलेले जे झाड पहिल्या वर्षी सरळ उभे होते, ते आता खिडकीकडे झुकू लागले असेल, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे. त्या झाडाच्या हिशेबी डिसेंबरातली ढगाळ खिडकीदेखील डोक्यावरच्या दिव्यापेक्षा उजवी ठरली आहे.

एवढ्यावरून लगेच दिवा बदलावा, असे मात्र नाही. खालची पाने पिवळी पडण्याचे कारण नत्राची उणीव असू शकते, कुंडी लहान पडत असू शकते, आणि मुंबई-कोकणात तर आषाढ-श्रावणात खिडकीतला उजेडच इतका उतरतो की दिव्याला विनाकारण दोष लागावा. म्हणून साक्षीदाराबरोबर मोजमापही हवे. सुदैवाने हे मोजमाप अवघड नाही. प्रकाशकण मोजणारे खास यंत्र महाग असते. परंतु साधा लक्समापक, किंवा भ्रमणध्वनीतली उजेड मोजण्याची सोयदेखील, या कामापुरती चालते. लक्समापक हा डोळ्याच्या संवेदनेनुसार बनवलेला असल्यामुळे निरनिराळ्या जातींच्या दिव्यांची तुलना त्याने करू नये. सूर्यप्रकाशात एका मायक्रोमोलला सुमारे ५४ लक्स भरतात, तर थंड पांढऱ्या नळीच्या उजेडात सुमारे ७४. म्हणजे सारखेच लक्स दाखवणारे दोन उजेड पानाला सारखे नसतात. परंतु एकाच दिव्याची आजची स्थिती त्याच्याच पूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहायची असेल, तर हेच साधन पुरेसे विश्वासू आहे.

रीत अशी. नवा दिवा आणला की त्याच्या टोपणावर तारीख लिहावी. नळी असल्यास तिचे पहिले शंभर तास होऊ द्यावेत. मग दिवा अर्धा तास तापू देऊन, रात्री, खिडकीचा उजेड नसताना, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर एक ठरावीक जागा धरून माप घ्यावे आणि ते वहीत टिपून ठेवावे. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच साधनाने पुन्हा मोजावे. उंची बदलली की सारा हिशेब फसतो. मोजण्यापूर्वी दिवा बंद करून, निवू देऊन, मऊ कापडाने पुसावा. कारण धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट धूर यांनीही उजेड बराच अडतो, आणि पुसण्याने जे परत मिळते त्यासाठी नवा दिवा आणणे हा शुद्ध अपव्यय होय. पुसल्यानंतरही माप मूळच्या ९० टक्क्यांच्या खाली गेले, तर दिवा झाडाच्या थोडा जवळ आणावा किंवा त्याचा वेळ वाढवावा. शंभराचा प्रकाश ऐंशीवर आला असता चौदा तासांऐवजी साडेसतरा तास दिवा लावला, तर दिवसाची एकूण शिदोरी तेवढीच भरते. परंतु या उपायाला मर्यादा आहे. टोमॅटोसारख्या झाडाला अखंड उजेड सोसत नाही, त्याची पाने पिवळी पडतात. आणि शेवंतीसारखे झाड लांब रात्रीवाचून कळी धरत नाही. माप ८० टक्क्यांच्या खाली उतरले, तर मात्र दिवा लागत असला तरी तो रोपापुरता संपला असे समजावे.

ज्याच्यापाशी कोणतेच साधन नाही, त्याने तासांचा हिशेब ठेवावा. रोज सोळा तास जळणाऱ्या नळीचे वर्षाला ५,८४० तास होतात. अशी नळी दर वर्षी बदलण्याचा अनुभवी लोकांचा प्रघात आहे. टोके काळी पडली असतील, तर तेवढीही वाट पाहू नये.

जेथे हे काम शास्त्र म्हणून चालते, तेथे ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. दिल्ली विद्यापीठात १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून काचपात्रात गर्भ वाढवून दाखवले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी काचपात्रातल्या बांबूला अकाली फुले आल्याची हकीकत १९९० साली जगापुढे मांडली. ऊतिसंवर्धनाच्या अशा खोल्यांत मांडण्यांवर बाटल्या ओळीने ठेवलेल्या असतात. वर दिवे, सोळा तास उजेड, आठ तास अंधार, आणि सुमारे २५ अंशांची हवा. एका मांडणीवर नवी नळी आणि दुसरीवर जुनी असली, तर दोन औषधांची तुलना करायला बसलेला संशोधक प्रत्यक्षात दोन नळ्यांचीच तुलना करून उठायचा. घरच्या खिडकीत झाड मरते. तेथे निष्कर्ष मरतो.

दिवा बदलण्याचीही एक रीत आहे. दोन-चार नळ्या असतील, तर सगळ्या एका दिवशी बदलू नयेत. एक आज, दुसरी तीन आठवड्यांनी, असा क्रम ठेवावा. मंद उजेडाला सरावलेली पाने एकाएकी दीडपट प्रकाशात पांढुरकी पडतात. दीर्घ उपासानंतर भरल्या ताटावर बसवलेल्या माणसाची होते, तशी त्यांची गत होते. एकच दिवा असेल, तर तो प्रथम थोडा उंच टांगून हळूहळू खाली आणावा. जुन्या नळीच्या जागी एलईडी आणताना वॅटच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. वॅट म्हणजे दिव्याने घेतलेली वीज, त्याने दिलेला प्रकाश नव्हे. पाऱ्याच्या प्रदूषणाविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या बैठकीत सरळ नळीदिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात थांबवण्याच्या मुदती २०२६ आणि २०२७ अशा ठरवण्यात आल्या. तेव्हा हा बदल पुष्कळांना करावाच लागणार आहे. काढलेल्या नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. ती केरात फोडून टाकू नये, ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावी. आणि चुकून फुटलीच, तर खिडक्या उघडून, मुलांना बाहेर काढून, झाडू न मारता, जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत.

काटकसरी माणसाला लागत्या दिव्याला रजा देणे जिवावर येते, आणि ते स्वाभाविकही आहे. चालती वस्तू टाकू नये, हा संस्कार चांगलाच आहे. परंतु येथे हिशेब उलटा बसतो. चोकसह सुमारे ५० वॅट घेणारी नळी रोज चौदा तास लावली, तर वर्षाला सुमारे २५५ युनिट वीज खाते. ती पूर्ण उजेड देवो की ७० टक्के देवो, विजेचे मीटर तेवढेच फिरते. म्हणजे म्हाताऱ्या नळीखाली वर्षाकाठी पाऊणशेहून अधिक युनिटे वीज जाते आणि तिच्या मोबदल्यात पानाला काहीच मिळत नाही. जुनी नळी फेकून द्यावी असेही नाही. जिन्यात, कोठीत, जेथे फक्त डोळ्यांना उजेड हवा, तेथे ती आणखी काही काळ उत्तम चाकरी करते. ज्याला पाहायचे आहे त्याच्यासाठी ती अजून दिवा आहे. ज्याला जेवायचे आहे त्याच्यासाठी ती दिवा राहिलेली नाही.

शिकागोच्या त्या घरात कोणी एखाद्या रात्री दिव्याखाली उजेडाचे माप धरले आणि पहिल्या हिवाळ्यातला वहीतला आकडा काढून त्याच्याशी ताडून पाहिला, तर पाणी, खत आणि कीड यांच्यावर आलेला आळ क्षणात दूर होईल. पण त्यासाठी पहिल्या हिवाळ्यातला तो आकडा वहीत असायला हवा. तो नसेल, तर निदान नव्या दिव्यापासून तरी वही सुरू करावी. कढीपत्त्याचे खोड अद्याप हिरवे असेल, बोटाच्या नखाने साल खरवडली असता आत ओलावा लागत असेल, तर उशीर झालेला नाही. नव्या उजेडात तीन-चार आठवड्यांत पेराशी बारीक तांबूस-हिरवे कोंब दिसू लागतात, आणि त्यानंतर आजींना फोडणीसाठी पाने तोडायला हरकत नाही. मात्र पहिल्या महिन्यात दोनच.